प्रशिक्षणार्थींवरचा खोटा आरोप

प्रशिक्षण फसलं की त्याचं खापर ठरलेल्या डोक्यावर फुटतं. ‘लोकांना शिकायचंच नसतं,’ एवढं म्हटलं की आयोजक मोकळे आणि वरिष्ठही मोकळे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांबद्दल हे बोललं जातं, परिचारिकांबद्दल बोललं जातं, बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्यांबद्दल आणि चाकणच्या कारखान्यांतल्या ऑपरेटरांबद्दलही. पुरावा म्हणून जे चित्र रंगवलं जातं ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे: मागच्या रांगा आधी भरतात, जेवणानंतर डोळे मिटू लागतात, साडेचारला हजेरीपटाभोवती गर्दी होते आणि कामावर परतलेला माणूस पूर्वीसारखंच काम करू लागतो.

चित्र खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. तसं ठामपणे म्हणता येतं, कारण हा प्रश्न आता मतामतांचा राहिलेला नाही. विषय तोच, शिकणारी माणसं तशीच, आणि कामाची भोवतालची मांडणी तेवढी वेगळी, अशी तुलना भारतातच नीट मोजमाप करून झालेली आहे. तिचा निकाल आरोप करणाऱ्यांच्या विरोधात जातो.

मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेची एक साधी पद्धत आहे. तिसरी ते पाचवीतल्या ज्या मुलांना अजून धड वाचता येत नाही, त्यांचे गट इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे करायचे आणि प्रत्येक गटाला जिथे तो आहे तिथून पुढे न्यायचं. स्वयंसेवकांनी हे केलं तेव्हा मुलं वाचू लागली. पण कोट्यवधी मुलं सरकारी शाळांत शिकतात. सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं तर तेही हे करतील का, हा खरा प्रश्न होता. पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी सहकाऱ्यांसह बिहार, उत्तराखंड आणि हरियाणात तो तपासून पाहिला.

बिहारमध्ये जून २००८ मध्ये उन्हाळी शिबिरं झाली. शिकवणारे सरकारी शिक्षकच होते. ‘प्रथम’ने त्यांना प्रशिक्षण, साहित्य आणि पाठबळ दिलं, सरकारने त्या महिन्याचा जादा मोबदला दिला. जेमतेम महिनाभरात मुलांच्या वाचनात मोजता येईल अशी सुधारणा दिसली. मग शाळेचं नेहमीचं वर्ष आलं. काही शाळांना फक्त साहित्य मिळालं. काहींना साहित्य आणि शिक्षकांचं प्रशिक्षण. काही ठिकाणी या दोन्हींच्या जोडीला गावातले स्वयंसेवक. पहिल्या दोन प्रकारांचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम दिसला नाही. तिसऱ्यात मुलं पुढे गेली, कारण स्वयंसेवक शाळेच्या वेळेबाहेर त्यांना घेऊन बसत होते. उत्तराखंडात स्वयंसेवक शाळेच्या वेळेतच आले, शाळांनी त्यांना नेहमीच्या वर्गांवर मदतनीस म्हणून वापरून घेतलं आणि तिथेही हाती काही लागलं नाही.

म्हणजे सुट्टीत सरकारी शिक्षकांनी जे करून दाखवलं, ते शाळा सुरू झाल्यावर त्याच राज्यात, तशाच शिक्षकांकडून होईना. महिन्या-दोन महिन्यांत शिकण्याची इच्छा आटली, असं म्हणायचं का? शिबिरात एकच काम होतं. शाळेत पाठ्यपुस्तक संपवायचं होतं, आणि तपासायला येणारा अधिकारी विचारणार होता तो प्रश्नही ‘कितवा धडा चालू आहे?’ असाच होता. पुढे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ ने संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या वेळेत पुरा करणं हे शिक्षकाचं कर्तव्यच ठरवलं. प्रशिक्षणात सांगितलं गेलं की मूल जिथे आहे तिथून शिकवा. नोकरीने सांगितलं की धडे संपवा. माणूस नोकरीचं ऐकतो. जादा मोबदला हाही शिबिरातला एक फरक होता आणि तो लपवायचं कारण नाही. जादा कामाचे पैसे मिळाल्यावर माणसाने ते काम मन लावून केलं, यात त्याचा काय दोष?

हरियाणात २०१२-१३ मध्ये नेमका हाच भाग सुधारला गेला. महेंद्रगड आणि कुरुक्षेत्र या जिल्ह्यांत शिक्षकांवर देखरेख करणारे गटपातळीवरचे साहाय्यक समन्वयक, आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांसारखे, आधी चार दिवस प्रशिक्षणाला बसले. त्यानंतर त्यांनी स्वतः पंधरा-वीस दिवस शाळेत जाऊन मुलांना त्या पद्धतीने शिकवलं. शिक्षकांचं प्रशिक्षण त्यानंतर. शाळेच्या वेळापत्रकात त्या कामासाठी स्वतंत्र तास राखला गेला. शाळेला भेट देणाऱ्याला काय पाहायचं ते ठाऊक होतं, कारण ते त्याने स्वतःच्या हाताने केलेलं होतं. मुलांचं हिंदी वाचन सुधारलं. त्याच अभ्यासात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची योजनाही तपासली गेली. तिचंही प्रशिक्षण झालं होतं, पुस्तिका दिल्या होत्या, नोंदींचे तक्ते दिले होते. मुलांच्या शिकण्यावर तिचा परिणाम दिसला नाही. जिल्हे तेच, शाळा त्याच प्रकारच्या, शिक्षकही तसेच. ‘लोकांना शिकायचंच नसतं’ म्हणणाऱ्यांकडे या एका गोष्टीचं उत्तर नाही.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हे वाचून आपल्याकडची प्रशिक्षणाची उतरंड आठवेल. राज्यपातळीवर काही जणांना शिकवायचं, त्यांनी जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला. प्रत्येक पायरीवर दिवस कमी होतात, उदाहरणं गळतात आणि शेवटच्या पायरीवर पोहोचतात त्या फक्त पीपीटीच्या स्लाइड. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ‘निष्ठा’ हा कार्यक्रम सुमारे ४२ लाख शिक्षकांसाठी जाहीर केला. एवढ्या संख्येला उतरंडीवाचून पर्याय नाही, असं समर्थन केलं जातं. हरियाणातही उतरंडच होती. पण तिथे खालच्या पायरीला शिकवण्याआधी वरच्या पायरीवरच्या माणसाला ते काम वर्गात उभं राहून करावं लागलं. आपल्याकडे तज्ज्ञ मार्गदर्शकांसाठी ही एक अट घातली तरी कितीतरी सत्रं वाया जायची वाचतील. ज्याने ती पद्धत दोन इयत्ता एकत्र बसलेल्या वर्गात कधी वापरलेली नाही, तो शिक्षकांच्या पहिल्याच प्रश्नाला अडतो. ‘सर, दोन इयत्तांना मिळून मी एकटाच आहे, हे कसं बसवायचं?’ उत्तर येतं, ‘ते तुम्ही तुमच्या पातळीवर बघा.’ त्या क्षणी सभागृहातल्या अनुभवी शिक्षकाचं लक्ष उडतं. आपल्या अडचणीचं उत्तर इथे मिळणार नाही, हे त्याला बरोबर कळलेलं असतं. त्याला आळस म्हणणं अन्याय आहे.

शिक्षक पडले सरकारी नोकर, त्यांना धाक नाही, खासगीत असं चालत नाही, असं म्हणणाऱ्यांनी तारापूरकडे पाहावं. पालघर जिल्ह्यातलं तारापूर आणि गुजरातच्या हद्दीतलं उमरगाव इथल्या १७ कापड कंपन्यांच्या कारखान्यांत निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीची अवस्था अशी होती: सूत कसंही रचलेलं, हत्यारं इथे-तिथे पडलेली, यंत्र बंद पडल्यावरच दुरुस्तीची धावाधाव, कापडातल्या दोषांची पद्धतशीर नोंद नाही. कारखाना सुधारण्याच्या ३८ पद्धती ठरवल्या गेल्या. सगळ्यांनाच महिनाभर तपासणी करून सल्ला मिळाला. काही निवडक कारखान्यांत मात्र सल्लागार पुढचे चार महिने थांबले आणि दोषांची नोंद कशी ठेवायची, रोजची बैठक कशी घ्यायची, यंत्रांची देखभाल वेळापत्रकाने कशी करायची, हे तिथल्या माणसांबरोबर राहून बसवत गेले.

नुसता सल्ला मिळालेल्यांनी थोड्याच पद्धती उचलल्या. जिथे माणसं बरोबर राहिली तिथे बऱ्याच रुजल्या, आणि पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. या अहवालात ध्यानात घेण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. नव्या पद्धतींवर सुरुवातीला विश्वास नव्हता तो मालकांचा. शेजारच्या कारखान्याइतकाच आपला माल चांगला आहे, मग हे सगळं कशाला, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्याच कारखान्यातले दोषांचे आकडे त्यांच्यासमोर येऊ लागले तेव्हा त्यांचं मत बदललं. शिकायला नाखूश असणं ही मागच्या रांगेत बसणाऱ्यांची मक्तेदारी नाही, एवढं तरी यावरून मान्य व्हावं.

संशोधक आठ-नऊ वर्षांनी पुन्हा त्या कारखान्यांत गेले. बसवलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या. का सुटल्या, याचा शोध घेतल्यावर दोन कारणं ठळकपणे पुढे आली: कारखान्याचा व्यवस्थापक बदलला होता, किंवा संचालकांना लक्ष द्यायला वेळ उरला नव्हता. तरीही हे कारखाने नुसता सल्ला मिळालेल्यांच्या पुढेच होते. रोज आकडा विचारणारा माणूस गेला की आकडा लिहिणं थांबतं. यात लिहिणाऱ्याच्या स्वभावाचा भाग कितीसा?

मग प्रश्न असा येतो की इतकी साधी गोष्ट संस्थांना का दिसत नाही. कारण त्या पाहतात ती जागाच चुकीची. अमेरिकेच्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पातळ्या सांगितल्या: माणसांना ते कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर गेल्यावर त्यांचं वागणं बदललं का, आणि त्यातून संस्थेच्या कामाला काय फळ आलं. साठ वर्षांहून अधिक काळ ही मांडणी प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते, आणि बहुतेक कार्यालयं पहिल्या पातळीवरच थांबतात. फीडबॅकचा फॉर्म सत्र संपता संपता, बॅग खांद्याला लावलेल्या माणसाकडून भरून घेतला जातो. वक्ता कसा होता, सभागृह कसं होतं, जेवण कसं होतं. सत्र आवडणं आणि त्यातून शिकणं यांचा संबंध फार कच्चा असल्याचं संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तरी त्या फॉर्मवरच्या गुणांवर पुढच्या वर्षीचा ट्रेनर ठरतो. सरकारी बाजूला मोजमाप आणखी सोपं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांसाठी दर वर्षी ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. हेतू चांगला आहे, पण खाली पोहोचेपर्यंत त्यातले तास तेवढे उरतात आणि विकास पाहायला कुणी जात नाही.

प्रशिक्षण देणाऱ्यांच्या स्वतःच्या ज्ञानाचीही थोडी झडती घ्यायला हवी. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, करून पाहिलेलं ९० टक्के, असा एक त्रिकोण कितीतरी सत्रांत पडद्यावर येतो आणि त्याखाली एडगर डेल यांचं नाव असतं. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू मांडला हे खरं. त्यात टक्केवारी नव्हती. ते आकडे नंतर कुणीतरी चिकटवले आणि त्यांच्यामागे कोणताही प्रयोग नाही. लोकांना शिकवायचं कसं हे सांगणाऱ्या सत्रातच बिनबुडाचे आकडे वर्षानुवर्षं दाखवले जात असतील, तर शिकण्याची अनिच्छा नेमकी कुणाची, हे उलट विचारता येतं.

आता यशाचं उदाहरण, आणि त्यासाठी महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. शालेय शिक्षण पाच ते दहा इयत्तांचं. प्रशिक्षणाबद्दलचा नेहमीचा समज धरून चाललं तर या बायकांकडून बाळाचं वजन, तापमान, श्वास तपासणं, नोंदी ठेवणं आणि पुढे जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं ही अपेक्षा वेडेपणाची ठरली असती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३९ गावांत हे काम झालं होतं, तुलनेसाठी ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आलं.

हे कसं झालं ते पाहिलं पाहिजे, कारण श्रेय फक्त कळकळीला देऊन या कामाची बोळवण करण्याची आपली सवय आहे. त्या बायकांना सगळं एकदम शिकवलं नव्हतं. कामं टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. जंतुसंसर्गावरचे उपचार पुढच्या टप्प्यात आले. जे शिकवलं त्याचं साहित्य त्यांच्या हातात दिलं गेलं. शिकवलेलं काम लगेच, आपल्याच गावात, खऱ्या बाळावर करायचं होतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर गावात येत असे. तो स्वतः उपचार करायला येत नसे. नोंदी तपासायच्या, चूक दाखवायची, अडलेलं पुन्हा शिकवायचं, एवढंच त्याचं काम. म्हणजे या प्रशिक्षणाचा मोठा भाग गावातच, पंधरवड्याच्या त्या भेटींमध्ये झाला. आज देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी भेटी देतात, त्या योजनेचं मूळ या कामात आहे. पण योजना पसरताना घरभेटींची संख्या आणि फॉर्म सहज पसरतात. पंधरा दिवसांनी शांतपणे बसून चूक समजावणारा माणूस पसरत नाही, कारण त्याचा पगार कुणीतरी द्यावा लागतो.

कारखान्यांच्या जगालाही हे ऐंशी वर्षांपूर्वी ठाऊक झालं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि नवख्या स्त्री-पुरुषांच्या हातून विमानं आणि जहाजं बांधायची वेळ आली. १९४० मध्ये तिथे ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची सरकारी यंत्रणा उभी राहिली. भिंगं घासणारा कारागीर तयार व्हायला पाच वर्षं लागतात असं मानलं जाई; कामाची नीट फोड करून शिकवल्यावर तो काळ काही महिन्यांवर आला. यंत्रणेने कामगारांना सभागृहात गोळा केलं नाही. तिने सुपरवायझरला शिकवायला शिकवलं. दोन-दोन तासांची पाच सत्रं, गट दहाएक जणांचा. प्रशिक्षक सुरुवातीला दिव्याच्या वायरची एक अवघड गाठ कशी मारायची ते नुसतं तोंडाने सांगायचा. समोरच्याला जमायचं नाही. मग नुसती करून दाखवायचा. तरी जमायचं नाही. त्यानंतर एकेक पायरी दाखवत, ती तशीच का हे सांगत, समोरच्याकडून करून घेत आणि त्याच्याच तोंडून वदवून घेत शिकवायचा, आणि गाठ बसायची. मग प्रत्येक सुपरवायझरला आपल्या खात्यातलं खरं काम आणून गटासमोर शिकवून दाखवावं लागे. शेवटची पायरी मागोवा घेण्याची होती: नव्या माणसाला कामाला लावायचं, अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगायचं, आधी वरचेवर आणि मग हळूहळू कमी वेळा पाहत राहायचं. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही, हे त्या यंत्रणेने आपल्या खिशातल्या कार्डावर छापून घेतलं होतं. सोळा हजारांहून अधिक कारखाने आणि सोळा लाखांहून अधिक माणसं या वर्गांतून गेली. युद्धानंतर हेच वर्ग जपानमध्ये नेले गेले, आणि टोयोटासारख्या कंपन्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीचा पाया त्यातून घातला गेला.

आज पुण्या-नाशिकच्या कितीतरी कंपन्या टोयोटाची पद्धत शिकायला माणसं पाठवतात. तिथून परतणाऱ्या सुपरवायझरला आठवड्यातून दोन तासही नव्या माणसाजवळ उभं राहायला मोकळे मिळत नसतील, कारण लाइनचा आकडा गाठायचा आहे, तर त्याने वहीत काय उतरवून आणलं याला अर्थ राहत नाही.

आरोपाची पुढची पायरी म्हणजे सक्ती. इच्छा नसेल तर हजेरी बंधनकारक करा, प्रमाणपत्र वेतनवाढीला जोडा. सक्तीने खुर्च्या भरतात हे निर्विवाद. पण फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी आठशेहून अधिक अमेरिकी कंपन्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा व्यवस्थापकांना विविधतेच्या प्रशिक्षणाला सक्तीने बसवणाऱ्या कंपन्यांत पाच वर्षांनी व्यवस्थापक पदांवरच्या कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण वाढण्याऐवजी घटलेलं आढळलं. जिथे व्यवस्थापकांना प्रत्यक्ष भरतीच्या आणि मार्गदर्शनाच्या कामात जोडून घेतलं होतं, तिथे चित्र चांगलं होतं.

भारतात कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मालकावर जनजागृतीच्या कार्यशाळा घेण्याचं आणि अंतर्गत समितीच्या सदस्यांना प्रशिक्षण देण्याचं बंधन घालतो. दोन्ही बंधनं एकाच कलमात आहेत. पहिलं पाळायला सोपं म्हणून ते पाळलं जातं: वर्षातून एक व्याख्यान, एक ऑनलाइन चाचणी, सगळ्यांची प्रमाणपत्रं. दुसरं दुर्लक्षित राहिलं की काय होतं, ते गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात दिसलं. तो प्रसंग या कायद्याच्या आधीचा, सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकालात घालून दिलेले निर्देश लागू होते त्या काळातला. २००९ मध्ये समितीने काही दिवसांत घाईने सुनावण्या उरकल्या. नैसर्गिक न्यायाची तत्त्वं पाळली गेली नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी चौकशी जवळपास जिथून बिघडली तिथेच परत. तक्रार करणाऱ्यांनाही न्याय नाही, ज्याच्यावर तक्रार त्यालाही नाही. त्याच निकालात न्यायालयाने इतक्या वर्षांनंतरही कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर उणिवा असल्याचं नोंदवलं आणि समित्यांच्या सदस्यांच्या प्रशिक्षणाबाबत निर्देश दिले. शंभर जणांनी पडद्यावरच्या व्याख्या वाचण्यापेक्षा समितीतल्या चार-पाच जणांनी एक तक्रार कशी हाताळायची, नोटीस कशी द्यायची, उलटतपासणीला संधी कशी द्यायची, याचा सराव करणं किती गरजेचं आहे, हे यापेक्षा स्पष्ट कसं व्हावं?

‘शिकवलं की सोडून जातात’ हा मालकांचा आवडता आक्षेपही इथेच निकालात काढता येतो. बंगळुरूच्या एका मोठ्या निर्यातदार कंपनीच्या शिवणकाम कारखान्यांत स्त्री कामगारांना संवाद, वेळेचं नियोजन, अडचण सोडवणं अशी कौशल्यं सुमारे वर्षभर शिकवली गेली. अच्युत अध्वर्यू आणि सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा शिकलेल्या बायकांची उत्पादकता स्पष्टपणे वाढलेली होती, आणि त्या इतरांपेक्षा जास्त प्रमाणात नोकरी सोडून गेल्या नव्हत्या. मग त्यांना काय मिळालं? मजुरीत सुमारे अर्धा टक्का वाढ. कंपनीला मात्र खर्चाच्या कित्येक पट परतावा मिळाला. प्रशिक्षणाला बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर उत्साह का दिसत नाही, असं विचारणाऱ्यांनी हा अर्धा टक्का डोळ्यांसमोर ठेवावा. शिकून पगार वाढत नाही, पद मिळत नाही, कामाचा भार उलट वाढतो, हे ज्याने दहा वेळा पाहिलं आहे, त्याने अकराव्या वेळी उत्साहाने पुढच्या रांगेत बसावं अशी अपेक्षा कोणत्या हक्काने करायची?

खरोखर न शिकणारी माणसं असतात का? असतात, प्रत्येक कार्यालयात काही असतात. पण काही माणसं न शिकणारी असणं वेगळं आणि सभागृहाबाहेर पडल्यावर शंभरपैकी जवळजवळ सगळ्यांनीच काही न बदलणं वेगळं. सगळेच्या सगळे जेव्हा सारखंच वागतात तेव्हा कारण प्रत्येकाच्या मनात शोधून सापडत नाही. ते सगळ्यांना सामायिक असलेल्या गोष्टीत, म्हणजे कामाच्या मांडणीत असतं. सत्रं ऑनलाइन नेल्याने हे सुटत नाही. ‘दीक्षा’ किंवा ‘आयगॉट कर्मयोगी’सारख्या सरकारी ऑनलाइन व्यासपीठांमुळे दुर्गम भागातल्या कर्मचाऱ्यालाही चांगलं साहित्य मिळतं, ही मोठी सोय आहे आणि ती टिकली पाहिजे. पण व्हिडिओ पूर्ण पाहिल्याची टक्केवारी म्हणजे नवा हजेरीपट आहे.

म्हणून मागणी कर्मचाऱ्यांकडे नाही, आदेशावर सही करणाऱ्यांकडे आहे. गटशिक्षणाधिकारी असोत, रुग्णालयाचे अधीक्षक असोत की कंपनीचे एचआर प्रमुख, पुढच्या सत्राचं पत्र काढण्याआधी त्यांनी त्याच कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: सत्रानंतर कामातली नेमकी कोणती कृती बदलणार आहे, ती करायला रोजच्या वेळेतला कोणता वेळ मोकळा केला आहे आणि त्यासाठी कोणतं जुनं काम कमी केलं आहे, महिनाभर दर पंधरवड्याला कर्मचाऱ्याजवळ जाऊन ती कृती कोण पाहणार आहे आणि त्या माणसाने ती स्वतः केली आहे का, आणि बदल टिकला तर कर्मचाऱ्याला काय मिळणार आहे. हे लिहिता येत नसेल तर ते सत्र रद्द करावं, त्याचा खर्च वाचवावा आणि कर्मचाऱ्यांना त्यांच्या कामावर राहू द्यावं.